पीकेव्ही, नागपूरची गाडी आणि रिद्धपूर

अकोल्याच्या स्टेशनावर उतरून ऑटोवाल्याला ‘डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ’ असे पूर्ण नाव सांगून पाहा. तो क्षणभर तोंडाकडे पाहतो आणि विचारतो, “पीकेव्हीत जाचं हाये का?” १९६९ मध्ये विद्यापीठ झाले तेव्हाचे नाव ‘पंजाबराव कृषी विद्यापीठ’. त्याची इंग्रजी आद्याक्षरे लोकांच्या तोंडी बसली. पुढे नावात ‘डॉक्टर’ आले, ‘देशमुख’ आले, पाट्या बदलल्या, लेटरहेड बदलले. अकोल्याने ती दुरुस्ती मनावर घेतली नाही. कपाशीच्या वाणाचे नाव पीकेव्ही, डाळ मिलचे नाव पीकेव्ही, सकाळी फिरायला जायचे तेही पीकेव्हीत.

गाव ज्याला आपले मानते त्याचेच नाव तोडून-मोडून घेते. वऱ्हाड साठ वर्षे नागपूर विद्यापीठाच्या छत्राखाली होते, पण त्या विद्यापीठाला कोणी असे घरगुती नाव दिल्याचे माझ्या ऐकिवात नाही. ते नुसते ‘नागपूर’ होते. “पोराचं काम नागपूरले अटकलं”, एवढे म्हटले की समोरच्याला सगळे कळायचे.

विद्यापीठ आणि त्याला जागा देणारे गाव यांच्या नात्यावर अलीकडे करार होतात, समित्या नेमल्या जातात. वऱ्हाडात हे नाते करारातून आलेच नाही. इथे गाव आधी उठले, ओरडले, मार खाल्ला आणि मग विद्यापीठ आले. त्यामुळे प्रेमही मालकाचे आणि राग आला तर तोही मालकाचाच.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमरावती हे काही आडगाव नव्हते. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाचा भाव चढवला होता, आगगाडी बडनेऱ्यापर्यंत आली होती, जिनिंग-प्रेसिंगचे धुराडे दिसू लागले होते. १८९७ चे काँग्रेस अधिवेशन अमरावतीत भरले. दादासाहेब खापर्ड्यांचा वाडा हा राजकारणाचा एक पत्ता होता. पैसा होता, वकील होते, नाटकाचा षौक होता. कॉलेज मात्र नव्हते. मॅट्रिक झालेल्या मुलाने नागपूर गाठायचे, नाहीतर थेट पुणे-मुंबई. खापर्डे स्वतः मुंबईला शिकून वकील झालेले. पापळ गावचा पंजाबराव देशमुख नावाचा शेतकऱ्याचा मुलगा अमरावतीच्या हिंदू हायस्कुलातून पुण्याच्या फर्ग्युसनला गेला आणि तिथून विलायतेला.

१९२३ मध्ये अमरावतीला किंग एडवर्ड कॉलेज सुरू झाले. आजची ती शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था. अर्थात एवढे लांब नाव अमरावतीकर घेत नाहीत, ‘व्हीएमव्ही’ म्हणतात, कारण मधल्या काळात ते विदर्भ महाविद्यालय होते. त्याच वर्षी, ४ ऑगस्टला, नागपूर विद्यापीठही जन्मले. म्हणजे अमरावतीच्या पदरात कॉलेज पडले त्याच साली त्याची दोरी नागपूरच्या खुंटीला बांधली गेली. आधी मध्यप्रांतातल्या कॉलेजांची दोरी कलकत्ता-अलाहाबादपर्यंत जात होती, तेव्हा तक्रारीला जागा नव्हती, उलट नागपूर जवळच वाटले असणार. वऱ्हाड १९०३ मध्ये मध्यप्रांताला जोडले गेले होते, राजधानी नागपूर, मग विद्यापीठ दुसरीकडे कुठे असणार?

एडिंबरो आणि ऑक्सफर्ड करून, वेदवाङ्मयातल्या धर्माच्या उगमावर प्रबंध लिहून, बॅरिस्टर होऊन पंजाबराव १९२६ मध्ये परतले. अशा माणसाने नागपूरच्या कोर्टात वकिली करावी आणि पैसा करावा, हा सरळ रस्ता होता. त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढले. सगळ्या जातींची मुले एका पंगतीला जेवतील असे वसतिगृह. १९२७ मध्ये अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाच्या चळवळीत ते पुढे होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्या प्रश्नावरच्या परिषदेला बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष म्हणून अमरावतीला आले. पुढच्याच वर्षी जिल्हा कौन्सिलचे अध्यक्षपद पंजाबरावांकडे आले आणि १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली.

शिक्षणाच्या इतिहासात वसतिगृहांना दोन ओळी मिळतात, इमारतींना पाने मिळतात. वऱ्हाडात मात्र खरे दार वसतिगृहाचेच होते. खेड्यातल्या कुणब्याच्या, माळ्याच्या, महाराच्या मुलाला वर्गात बसण्याआधी रात्री झोपायला जागा हवी होती. शाळेची फी कशीबशी भरता येई, अमरावतीतली खोली आणि खाणावळ परवडत नसे. शिवाजी शिक्षण संस्थेच्या शाळा आणि पुढे कॉलेजे वऱ्हाडभर पसरली त्यामागे हा हिशेब आहे. वऱ्हाडातली कॉलेजे सरकारच्या योजनेपेक्षा अशा गावकऱ्यांच्या संस्थांनीच जास्त काढली. विद्यापीठ यायच्या कितीतरी आधी त्याचे घरदार इथे बांधून तयार होते.

आणि ‘विद्यापीठ’ हा शब्दसुद्धा अमरावतीने कायद्याची वाट न पाहता वापरून टाकला होता. १९५० च्या दशकात केंद्र सरकारने श्रीमाळी समितीच्या शिफारशीवरून देशात दहा-अकरा ठिकाणी ग्रामीण उच्चशिक्षणाच्या संस्था निवडल्या. जामिया, श्रीनिकेतन, गांधीग्राम या नावांबरोबर महाराष्ट्रातली दोन नावे होती. गारगोटीचे मौनी विद्यापीठ आणि अमरावतीचे श्री शिवाजी लोकविद्यापीठ. या संस्थांचे डोके वेगळे होते. शिकवणे, संशोधन आणि आसपासच्या गावांत जाऊन काम करणे, ही तिन्ही कामे एकाच छपराखाली. तीन वर्षांचा ग्रामसेवेचा पदविका अभ्यासक्रम होता. मुलांनी गावांची पाहणी करायची, गावाने संस्थेला प्रश्न पुरवायचे.

कल्पना सुरेख होती, पण टिकली नाही. ज्या शेतकऱ्याने एक एकर गहाण टाकून पोराला अमरावतीला पाठवले त्याला पोरगा ग्रामसेवेची पदविका घेऊन गावातच परत यायला नको होता. त्याला बी.ए. हवे होते, नोकरीच्या अर्जात लिहिता येईल असे. याबद्दल त्या बापाला नावे ठेवायची माझी तयारी नाही. शहरात बसून ग्रामीण शिक्षणाचे गोडवे गाणाऱ्यांची पोरे कुठे ग्रामसेवेची पदविका घेत होती? देशभर या ग्रामीण संस्था हळूहळू नेहमीच्या पदव्यांच्या प्रवाहात विरघळल्या.

तोपर्यंत पंजाबराव दिल्लीत दहा वर्षे कृषिखाते सांभाळून मोकळे झाले होते. भारत कृषक समाज, दिल्लीचे जागतिक कृषी प्रदर्शन ही त्यांच्या नावावरची कामे. त्यांच्याच मंत्रिपदाच्या काळात, १९६० मध्ये, पंतनगरला देशातले पहिले कृषी विद्यापीठ सुरू झाले. नमुना अमेरिकेचा. तिकडे १८६२ च्या मॉरिल कायद्याने राज्यांना जमिनी दिल्या, त्या विकून शेती आणि यंत्रविद्येची कॉलेजे उभी करायची, आणि कॉलेजाने शिकवण्याबरोबर शेतावर संशोधन करून ते शेतकऱ्याच्या बांधापर्यंत न्यायचे. अमेरिकेतल्या एकेका विद्यापीठाने आपल्याकडचे एकेक राज्य वाटून घेतले होते, महाराष्ट्राच्या वाट्याला पेनसिल्व्हेनिया स्टेट आले. १९६५ च्या एप्रिलमध्ये पंजाबराव वारले. महाराष्ट्राच्या कृषी विद्यापीठाचे भांडण पाहायला ते राहिले नाहीत.

भांडण असे. १९६७ मध्ये राज्याचा कृषी विद्यापीठ कायदा झाला. विद्यापीठ कुठे? सरकारचा कल राहुरीकडे, साखर कारखान्यांच्या, पाटाच्या पाण्याच्या पट्ट्यात. वऱ्हाडाचे म्हणणे असे की कोरडवाहू शेती आमची, कापूस आमचा, अकोल्याला शेतकी फार्म इंग्रजांच्या काळापासून, शेतकी कॉलेज आहे, मग उसाच्या गावाला विद्यापीठ कशाला? वरकरणी हा शेतीशास्त्राचा वाद दिसतो. खाली दुसरीच आग होती. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती, ती अमलात आली नाही. १९५३ च्या नागपूर कराराने शिक्षणात आणि खर्चात वाटा देऊ असा शब्द दिला होता, तो पाळला जात नाही अशी खंत दहा वर्षे साचली होती. विद्यापीठ हे त्या साचलेल्या पाण्याला सापडलेले भगदाड.

यातली गंमत अशी की मुख्यमंत्री वसंतराव नाईक स्वतः पुसदचे, म्हणजे वऱ्हाडचेच. शेतीवर जीव असलेला माणूस. घरचा माणूस मुंबईत खुर्चीवर आणि विद्यापीठ राहुरीला, हे वऱ्हाडाला अधिकच झोंबले. सोयऱ्याकडून झालेला अपमान परक्याच्या अपमानापेक्षा जास्त दिवस लक्षात राहतो.

अकोल्यातून आंदोलन पेटले आणि वऱ्हाडभर गेले. यवतमाळचे जांबुवंतराव धोटे, दाढीवाले, धिप्पाड, सभेत आवाज दिला की मैदान हलवणारे, या लढ्याच्या अग्रभागी होते. पुढे वेगळ्या विदर्भाच्या चळवळीचे जे नेतृत्व त्यांनी केले आणि १९७१ मध्ये नागपुरातून लोकसभा जिंकली, त्याची रंगीत तालीम इथे झाली म्हणायला हरकत नाही. कॉलेजची पोरे रस्त्यावर आली, बाजारपेठा बंद झाल्या, खेड्यांतून शेतकरी आले. पोलिसांनी गोळ्या चालवल्या आणि माणसे मेली. विद्यापीठाची मागणी करताना लोक मेले, हे वाक्य मी जेव्हा जेव्हा लिहितो तेव्हा थोडा वेळ थांबावे लागते. विद्यापीठ आम्हाला नको, इथली जमीन घेऊ नका, म्हणून झालेली आंदोलने जगभर सापडतात. विद्यापीठ द्या म्हणून रक्त सांडलेली गावे फार नसतील. मरणाऱ्यांतल्या बहुतेकांना त्या विद्यापीठात शिकायचेही नव्हते.

१९६८ मध्ये राज्याचे विद्यापीठ झाले आणि राहुरीला गेले. पण एकाच विद्यापीठाने भागणार नाही हे सरकारला कळून चुकले होते. २० ऑक्टोबर १९६९ ला अकोल्याला विदर्भाचे वेगळे कृषी विद्यापीठ स्थापन झाले, पंजाबरावांच्या नावाने. मग मराठवाडा आणि कोकण कसे गप्प बसतील? १९७२ मध्ये परभणी आणि दापोली. आज महाराष्ट्रात चार कृषी विद्यापीठे आहेत याचे श्रेय शास्त्रज्ञांच्या अहवालांना द्यायची पद्धत आहे. अकोल्याच्या रस्त्यांनी त्यात काय केले ते अकोल्याला ठाऊक आहे.

आणखी एक उलटापालट झाली. नागपूरचे शेतकी कॉलेज १९०६ पासूनचे, जुने, नावाजलेले. ते आता अकोल्याच्या विद्यापीठाखाली आले. वऱ्हाडाच्या आठवणीत प्रथमच नागपूरची फाइल सहीसाठी अकोल्याला येऊ लागली. यावर अकोल्यात किती पेढे वाटले गेले असतील याची मी फक्त कल्पना करतो.

विद्यापीठ आले ते शहराच्या कडेला, काळ्या खोल जमिनीवर. जमीन अर्थातच कोणाची तरी होती. आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांची शेते गेली आणि ‘विद्यापीठ प्रकल्पग्रस्त’ हा एक नवा वर्ग अकोल्यात तयार झाला. धरणाने उठवलेले प्रकल्पग्रस्त आपल्याला माहीत असतात, शेतीच्या विद्यापीठाने शेतीतून उठवलेले फारसे माहीत नसतात. त्यांची मुले नोकरीसाठी फाटकासमोर बसली, पुन्हा बसली. काही लागले, पुष्कळ रोजंदारीवर राहिले. विद्यापीठाच्या शेतावर निंदायला, कापूस वेचायला येणाऱ्या बाया याच गावांतल्या. ज्या बांधावर तिच्या सासऱ्याचे वखर चालले तिथे ती आता शास्त्रज्ञाच्या चाचणी-प्लॉटात मजुरी करते. गाव आणि विद्यापीठाच्या नात्याचा हा पहिला, सगळ्यात जवळचा आणि कधीही अहवालात न आलेला धागा.

बाकी नाते बियाण्यातून वाढले. १९७६ मध्ये राज्य बियाणे महामंडळ निघाले आणि त्याचे मुख्यालय अकोल्याला आले. ‘महाबीज’ म्हणतात ते हेच. शास्त्रज्ञाने वाण काढायचा, शेतकऱ्याच्या शेतावर त्याचे बियाणे तयार करायचे आणि महाबीजच्या पिशवीत भरून विकायचे, अशी साखळी जुळली. बीजोत्पादन घेणारा शेतकरी हा अकोला जिल्ह्यातला एक मानाचा प्रकार झाला. कपाशीत ‘पीकेव्ही हायब्रीड-२’ आले आणि १९८० च्या दशकात वऱ्हाडाच्या कोरडवाहू रानात घरोघर पोचले. पावसाचा खंड सोसणारा, गरिबाचा वाण. बरड जमिनीतही तग धरायचा.

मग २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली. खासगी कंपन्यांची पाकिटे गावोगावच्या कृषिकेंद्रांत लटकली आणि काही वर्षांतच पीकेव्हीचे वाण दिसेनासे झाले. त्यांच्यात बीटीचा जनुक नव्हता. तो पीकेव्ही-२ मध्ये घालून महाबीजमार्फत बियाणे बाजारात यायला दीड दशक लागले, तोवर २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने बीटीलाही दाद दिली नव्हती. या दीड दशकात विदर्भात शेतकरी आत्महत्यांचा आकडा वाढत होता, आणि “आपल्या पीकेव्हीनं काय केलं?” हा प्रश्न पारापारावर विचारला जात होता. प्रश्न पुरता न्याय्य नव्हता. कापसाचा भाव, कर्ज, पाऊस यांतले काहीच कुलगुरूंच्या हातात नसते. पण पुण्याच्या किंवा हैदराबादच्या संस्थेला वऱ्हाडचा शेतकरी हा प्रश्न विचारत नाही. ‘आपल्या’ म्हटले की जाब आलाच.

गंमत म्हणजे विद्यापीठाची सगळ्यात खपलेली गोष्ट वाण नव्हे, यंत्र आहे. पीकेव्ही मिनी डाळ मिल. अकोला ही तुरीची मोठी बाजारपेठ, शहरात डाळ मिलांची रांग. शेतकरी तूर विकायचा आणि तीच डाळ होऊन दुकानातून विकत घ्यायचा. विद्यापीठाच्या प्रक्रिया अभियांत्रिकी विभागाने गावात, एखाद्या शेडमध्ये चालेल असे छोटे यंत्र बनवले. बचत गटांनी घेतले, बेकार पोरांनी बँकेचे कर्ज काढून घेतले, ते विदर्भाबाहेरही गेले. तूर भिजवणे, वाळवणे, भरडणे हे घरच्या बाईचे जुने ज्ञान. मोठी मिल ते शहरात घेऊन गेली होती, या यंत्राने ते परत गावात आणून ठेवले. शास्त्रज्ञांच्या सत्काराच्या भाषणात वाणांची यादी मोठी असते. माझ्या हाती असते तर पहिला हार मी या डाळ मिलला घातला असता.

पावसाळा सरता सरता पीकेव्हीत शिवारफेरी होते. नाव छान आहे, कुठल्या तरी वऱ्हाडी माणसाला सुचले असणार. गाड्या भरभरून शेतकरी येतात, प्लॉट हिंडतात, बोंडे मोजतात, शेंग फोडून दाणा दाताखाली धरून पाहतात. शास्त्रज्ञ माइकवरून हेक्टरी क्विंटल सांगतो, ऐकणारा मनात एकरी हिशेब करतो आणि शेजाऱ्याला हळूच म्हणतो, “यायच्या वावरात येतेच ना भाऊ, यायले ना ढोरं सोडाची भीती, ना सावकाराची.” तरीही पुढच्या वर्षी तो येतो. २७ डिसेंबरला, पंजाबरावांच्या जयंतीला, कृषी प्रदर्शन भरते तेव्हा जत्रेसारखी गर्दी. तिथे शेतकऱ्याची बायको फवारणीच्या पंपापाशी कमी आणि बचत गटांच्या मांड्यांच्या स्टॉलपाशी जास्त थांबते.

शहराचे आणि विद्यापीठाचे खरे वाजले ते जमिनीवरून. अकोल्याच्या विमानतळाची, शिवणीची धावपट्टी विद्यापीठाच्या शेतांना लागून. ती लांबवल्याशिवाय मोठे विमान उतरणार नाही, लांबवायची तर पीकेव्हीची जमीन हवी. संशोधनाची शेते द्यायला विद्यापीठ नाखूष, व्यापारी मंडळी चिडलेली, पुढारी दोन्हीकडून बोलणारे. हा विषय अकोल्याने वर्षानुवर्षे चघळला. ज्या जमिनीसाठी एकेकाळी शहराने गोळ्या झेलल्या तीच जमीन आता शहराला आड येत होती. एप्रिल २०२५ मध्ये अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचे विमान सुटले, त्या दिवशी अकोल्याच्या चहाच्या टपऱ्यांवर काय बोलले गेले असेल ते छापण्याजोगे नसावे.

अमरावतीचा विद्यापीठाचा प्रश्न वेगळा होता, त्यात गोळीबार नव्हता. होता तो प्रवास. अमरावतीहून नागपूर दीडशे किलोमीटर, अकोल्याहून अडीचशे, बुलडाण्याहून साडेतीनशेच्या आसपास. गुणपत्रिकेत आईचे नाव चुकले, फेरतपासणीचा अर्ज राहिला, मायग्रेशन हवे, पदवीचे प्रमाणपत्र आले नाही, की नागपूर. पहाटेची गाडी धरायची, खिडकीशी पोचेपर्यंत जेवणाची सुट्टी, मग “साहेब आज नाहीत, उद्या या”. उद्या म्हणजे नागपुरात एक रात्र, धर्मशाळा किंवा कुणा दूरच्या काकांचे घर. मेहकर-खामगावच्या मुलाला एका सहीसाठी तीन दिवस आणि बापाची आठवड्याची मजुरी लागत असे. शैक्षणिक विषमतेवर ग्रंथ आहेत, एसटीच्या तिकिटांवर कोणी लिहिले नाही.

१ मे १९८३ ला, महाराष्ट्र दिनाच्या मुहूर्तावर, नागपूर विद्यापीठातून वऱ्हाड वेगळे काढून अमरावती विद्यापीठ स्थापन झाले. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री होते. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा असे चार जिल्हे त्याच्याकडे आले, पुढे अकोल्यातून वाशीम निघाल्यावर पाच झाले. पहिले कुलगुरू डॉ. के. जी. देशमुख. शेतीचे विद्यापीठ अकोल्याला, बाकी सगळ्यांचे अमरावतीला, अशी दोन भावांत वाटणी झाली. वाटणीनंतर जसे होते तसेच झाले. अकोल्याच्या मुलाची नागपूरची खेप वाचली, अमरावतीची सुरू झाली. आणि बुलडाण्याच्या मुलाला अमरावतीही दोनशेच्या घरात पडली. त्याने ‘नागपूरले अटकलं’ ऐवजी ‘अमरावतीले अटकलं’ म्हणायला सुरुवात केली.

तेच वर्ष आणखी एका कारणाने लक्षात ठेवायचे. १९८३ मध्ये वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. नव्या विद्यापीठाच्या पहिल्याच वर्षी बडनेरा, पुसद आणि शेगावला कॉलेजे निघाली. शेगावचे कॉलेज गजानन महाराज संस्थानाचे. भक्तांच्या दानपेटीतून चाललेले इंजिनिअरिंग कॉलेज हा प्रकार देशात फार ठिकाणी नसेल. नव्या विद्यापीठाला जन्मतःच एका बाजूला सरकारी कॉलेजे, दुसऱ्या बाजूला शिक्षण संस्थांचे पुढारी आणि तिसऱ्या बाजूला संत असे तीन पालक मिळाले. तिघांत ज्यांच्यावर पेपरात कमी छापून आले ते संत.

विद्यापीठाला जागा मिळाली शहराबाहेर, मार्डी रस्त्याला, पोहऱ्याच्या जंगलाच्या कडेला. चारशे सत्तर एकर. शेजारी तपोवन. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४० च्या दशकात कुष्ठरोग्यांसाठी वसवलेली ही वसाहत. गावाने ज्यांना घराबाहेर काढले त्यांनी तिथे माळरान फोडून शेती केली, हातमाग चालवले, विहिरी खणल्या. शहर त्या बाजूला जायला बिचकत असे. चाळीस वर्षांनी विद्यापीठ तिथे गेले, मागोमाग रस्ता, दिवे, कॉलन्या, प्लॉट पाडणारे. अमरावती त्या दिशेने वाढली ती विद्यापीठामुळे, पण त्या रानात राहता येते हे आधी दाखवले ते तपोवनच्या रहिवाशांनी. विद्यापीठाच्या आवारात आजही मोर आहेत, आणि अधूनमधून बिबट्या आल्याची बातमी येते. मग दोन दिवस सकाळचे फिरणारे घरी बसतात.

२००५ मध्ये विद्यापीठाला संत गाडगेबाबांचे नाव दिले गेले. बाबा याच जिल्ह्यातले, शेंडगावचे. १९५६ च्या डिसेंबरात अमरावतीकडे येताना वलगावजवळ पेढी नदीपाशी त्यांनी देह ठेवला. ज्यांना अक्षरओळख बेताची, ज्यांनी आयुष्यभर खराट्याने गावे झाडली आणि मिळालेल्या पैशातून धर्मशाळा आणि वसतिगृहे बांधली, त्यांच्या नावाने पीएच.डी. मिळू लागली. नाव अगदी योग्य आहे, फक्त पदवीदानाच्या झग्यात बाबांना कुठे उभे करायचे असा प्रश्न पडतो. त्याच सुमारास नागपूर विद्यापीठालाही नाव मिळाले, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे. महाराज यावलीचे, आश्रम मोझरीला, दोन्ही गावे अमरावती जिल्ह्यात. ज्या नागपूरपासून वऱ्हाडाने स्वतःला सोडवून घेतले त्याच्या कमानीवर शेवटी वऱ्हाडचेच नाव लागले.

अकोला आणि अमरावती या दोन्ही विद्यापीठांतून राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे गावोगाव जातात. ही योजनाही १९६९ ची, गांधी शताब्दीची, पीकेव्हीच्या वयाची. सात दिवस मुले शाळेच्या वर्गात झोपतात, गटारे काढतात, शोषखड्डे खणतात, संध्याकाळी पथनाट्य करतात. गावकरी भाकरी देतात आणि पोरे गेल्यावर गटार पुन्हा तुंबते. तरी एखाद्या पोराच्या डोक्यात त्या सात दिवसांतले काहीतरी राहून जाते. जुन्या लोकविद्यापीठाचे जे काही उरले आहे ते या शिबिरांत.

आणि आता रिद्धपूर. मोर्शी तालुक्यातले लहानसे गाव, महानुभावांची काशी. तेराव्या शतकात गोविंदप्रभू इथल्या गल्ल्यांतून हिंडत. कुणाच्याही घरात शिरावे, कुणाच्याही पोराशी खेळावे, कुणाच्या चुलीवरचे उचलून खावे. महानुभाव पंथ स्थापणाऱ्या चक्रधरांनंतर त्यांचे शिष्य इथे जमले. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी सांगणाऱ्या एकेकाला गाठले, एकाची आठवण दुसऱ्याकडून पडताळून घेतली, कोणी काय सांगितले त्याची नोंद ठेवली, आणि मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ ‘लीळाचरित्र’ तयार झाला. गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या खेळात महदाइसेने धवळे रचून म्हटले, मराठीतल्या पहिल्या कवयित्रीची ती कविता. संशोधनाची पद्धत, साक्षीदारांची छाननी, बाईच्या तोंडची रचना, विद्वत्तेसाठी संस्कृत बाजूला ठेवून लोकभाषा. विद्यापीठाला लागते ते सगळे या गावात होते, फक्त कुलसचिव नव्हता.

मराठी भाषेचे विद्यापीठ व्हावे ही मागणी गेल्या शतकातली. २०२३ च्या अर्थसंकल्पात ते रिद्धपूरला होणार असे जाहीर झाले आणि २०२४ मध्ये डॉ. अविनाश आवलगावकर पहिले कुलगुरू म्हणून नेमले गेले. अकोला आणि अमरावती ही शहरे तरी होती, रेल्वे होती, पैसेवाले होते. रिद्धपुरात बाहेरगावच्या विद्यार्थ्याला खोली भाड्याने देणारी घरे मोजकी, आणि संध्याकाळी सातनंतर जायला वाहन शोधावे लागते. मठांतून मात्र यात्रेकरूंची सोय आहे, पंगत आहे, शेकडो वर्षांपासून आहे. गावातली म्हातारी माणसे मठाच्या ओट्यावर बसलेली असतात. नवी इमारत कोणत्या वावरात येणार, रस्ता कुणाच्या धुऱ्यावरून जाणार, कुणाच्या पोराला शिपायाची जागा मिळणार, यावर त्यांचे बोलणे चालते.